सोलेंटच्या पाण्यावर पाच दिवस : शिडाच्या बोटीची शाळा निवडताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टन आणि पोर्ट्समथ या दोन मोठ्या बंदरांच्या समोर, आईल ऑफ वाईट नावाचे बेट आहे. बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधल्या पाण्याला सोलेंट म्हणतात. लांबी सुमारे २० मैल, रुंदी अडीच ते पाच मैल. एवढ्याशा पाण्यावर सुट्टीच्या दिवशी इतकी शिडे दिसतात की उरूस भरला आहे असे वाटावे. यातल्या कितीतरी बोटी म्हणजे शाळा आहेत. सोमवारी सकाळी चार-पाच शिकाऊ माणसे पिशव्या घेऊन बोटीवर चढतात आणि शुक्रवारी दुपारी उतरतात. मधले पाच दिवस शिकणे, शिजवणे, जेवणे आणि झोपणे, सगळे त्या छत्तीस-चाळीस फुटांच्या बोटीतच.

बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या भाचीची मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या सहलीत ती दोन तास एका छोट्या शिडाच्या होडीत बसून आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भाचीचा फोन आला, "मामू, तुम्हीच समजवा हिला. नानांचे रक्त आहे, दुसरे काय! अनोळखी माणसांबरोबर चार-चार रात्री एका बोटीत? आणि खायचे काय? आणि बुडाली तर?"

शेवटचा प्रश्न तिने हळू आवाजात विचारला. त्याचे कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे वडील, म्हणजे भाचीचे नाना, जहाजावर सारंग होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या कितीतरी मुस्लिम घरांसारखे आमचेही घर डेकवरच्या पगारावर उभे राहिले. पण वडिलांचे धाकटे भाऊ ऐन पावसाच्या तोंडावर मचवा घेऊन गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर वडिलांनी आम्हा भावांपैकी एकालाही नळी काढू दिली नाही. स्वतः मात्र तीस वर्षे समुद्रावर राहिले, आणि त्यांना पोहता येत नव्हते!

मी भाचीला म्हणालो, मुलीला नाही म्हणायच्या आधी शाळा तर बघू. सप्टेंबरमध्ये मी तिकडे जाणारच होतो. हा लेख त्या शोधाचा आहे. परदेशात मुले-नातवंडे असलेल्या आपल्या वाचकांच्या घरात हा प्रश्न आज नाही तर उद्या येईल, कारण आता तिकडच्या शाळाच मुलांना पाण्यावर नेतात.

पहिली गोष्ट, कुठे शिकायचे. जाहिराती बघाल तर ग्रीस आणि क्रोएशियाची निळीशार चित्रे आधी दिसतात. तिथे ऊन आहे, पाणी उबदार आहे, आणि भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. नवशिक्याला हे सुखाचे वाटते. पण प्रमाणपत्रावर भरतीच्या पाण्यात शिकलात की बिनभरतीच्या, याची नोंद होते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीने बिनभरतीचे शिकून घरच्या समुद्रात काय करायचे? जिब्राल्टरचा विचारही मनात आला. त्या खडकाचे नावच जबल तारिक, ७११ साली तारिक बिन झियाद जिथे उतरले ती जागा. त्याच्या दक्षिण टोकाला १९९७ मध्ये उघडलेली मोठी मशीद सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांना लांबून दिसते. शिकाऊ बोटी तिथून समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही जाऊन येतात. मन तिकडेच ओढत होते. पण तिथला वारा आणि प्रवाह पहिल्या धड्याला जरा जास्तच, आणि भारतीय पासपोर्टवाल्याने व्हिसाचे नियम वेगळे तपासावे लागतात. म्हणून सोलेंट.

सोलेंटची गंमत भरतीत आहे. उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढ-उतार करते, म्हणजे आपल्या मुंबईच्या उधाणापेक्षा थोडेच कमी. साउथॅम्प्टनला भरती पूर्ण झाल्यावर पाणी लगेच उतरत नाही. ते बराच वेळ ठरून राहते, कधी किंचित उतरून पुन्हा चढते, आणि मग घाईघाईने ओसरते. लोक सांगतात की पाणी बेटाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून येते म्हणून भरती दोनदा होते. ते खरे नाही. उथळ पाण्यात भरतीची लाट बिघडते, त्याचा हा परिणाम. पण या ठरून राहणाऱ्या पाण्यामुळेच मोठी जहाजे सावकाश आत-बाहेर करू शकतात आणि साउथॅम्प्टन एवढे बंदर झाले. पश्चिमेला हर्स्ट किल्ल्याजवळ हेच पाणी अरुंद तोंडातून जाते तेव्हा उधाणाला चार नॉटच्या वर धावते. शिडाची बोट पाच-सहा नॉटने चालते. हिशेब तुम्हीच करा, चुकीच्या वेळी गेलात तर दिवसभर एकाच किल्ल्याकडे बघत बसाल! मधोमध ब्रॅम्बल नावाची वाळूची दांडी आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला ती तासभर उघडी पडते, तेव्हा दोन यॉट क्लबांची माणसे तिच्यावर क्रिकेट खेळतात आणि पाणी परत आले की बॅट घेऊन बोटीत पळतात.

शिक्षणाची उतरंड सोपी आहे. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशन, म्हणजे आरवायए, अभ्यासक्रम ठरवते आणि मान्यताप्राप्त शाळांची दरवर्षी तपासणी करते. अगदी नव्याला दोन दिवसांचा 'स्टार्ट यॉटिंग' किंवा पाच दिवसांचा 'कॉम्पिटंट क्रू'. दुसऱ्यात बोटीवरचा कामाचा माणूस तयार होतो: शीड चढवणे-उतरवणे, सुकाणू धरणे, गाठी मारणे, धक्क्याला लागताना दोर देणे, पाण्यात पडलेल्याला परत घेणे. यासाठी आधी पुस्तकी अभ्यास लागत नाही, परीक्षाही नाही, आणि १२ वर्षांपासून पुढे कोणीही बसू शकतो. लहान वयाच्या मुलांबरोबर मात्र बहुतेक शाळा आई किंवा बाप मागतात. त्यानंतर 'डे स्किपर'. त्यात बोटीची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि त्याला किमान वय १६. जे ब्रिटनमध्येच राहतात त्यांनी खुशाल आधी दोन दिवसांचा करून बघावा. भारतातून विमानाचे भाडे खर्चून जाणाऱ्याने दोन दिवसांत पैसे घालवू नयेत.

'काही महिन्यांत शून्यापासून यॉटमास्टर' अशा जाहिरातीही दिसतात. हजारो पौंडांचा तो मामला आहे. ज्यांना यातच नोकरी करायची आहे त्यांच्यासाठी तो ठीक. ज्याला आपल्याला समुद्र लागतो की नाही हेच अजून माहीत नाही, त्याने तिकडे बघू नये.

पाच दिवसांचे दर साधारण सहाशे ते नऊशे पौंड, म्हणजे सत्तर हजार ते लाखभर रुपये, प्रवास सोडून. एवढी रक्कम भरण्याआधी प्रश्न विचारायला लाजायचे कशाला? आम्ही सहा शाळांना एकच पत्र पाठवले. एका शिक्षकामागे शिकणारे किती? (आरवायएचा नियम पाचांपेक्षा जास्त नको असा आहे.) कोणत्या खोपीत कोण झोपेल, आणि हे आधी लिहून द्याल का? बाई शिक्षक मिळेल का? जेवणाचे काय? बोटीवर दारू चालते का? वादळामुळे एखादा दिवस बंदरातच गेला तर तो भरून मिळतो का? पोहता न येणाऱ्याला घेता का?

उत्तरांवरूनच शाळा कळली. एका शाळेने फक्त दरपत्रक पाठवले. दुसऱ्या शाळेचे उत्तर होते, "झोपायची व्यवस्था बोटीवर आल्यावर आपसांत ठरते." बोटीवरच्या लोकांना यात वावगे वाटत नाही. जागा कमी असते, सगळे थकलेले असतात. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला असले उत्तर देऊन चालत नाही, आणि ती आई मुसलमान असण्याचा याच्याशी काही संबंध नाही. हॅम्बल नदीकाठच्या एका छोट्या शाळेच्या बाईंनी मात्र फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरचे किती जण येऊ शकता? चार असाल तर सगळी बोट तुमचीच घ्या. दर माणशी थोडा जास्त पडेल, पण खोपींचा प्रश्नच संपेल. शिक्षक म्हणून मी स्वतः येते."

हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एका बोटीत पाच शिकाऊ मावतात. घरचे चार-पाच जण, किंवा दोन मैत्रिणींची कुटुंबे मिळून, अख्खी बोट घेता येते. केवळ बायकांसाठी असलेले वर्गही काही शाळा चालवतात. आम्ही चौघे झालो: भाची, तिचा नवरा, मुलगी आणि बासष्ट वर्षांचा मी. भाचीने होकार दिला तो असा, "मी येतेय म्हणजे मला पटलेय असे नाही. मी लक्ष ठेवायला येतेय."

महिना निवडताना आपल्याकडच्या माणसाने आणखी एक विचार करावा. जूनमध्ये तिकडे सूर्य सकाळी पाचच्या आधी उगवतो आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. फजर आणि इशा यांच्यामध्ये झोपेला उरतेच किती? दिवसभर दोर ओढलेल्या माणसाचे हाल होतात. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, वारा चांगला असतो, आणि रात्रीचा सराव करायला मध्यरात्रीपर्यंत जागावे लागत नाही. शुक्रवारी बोट किती वाजता धक्क्याला लागते हेही आम्ही विचारून घेतले.

जेवण बहुतेक शाळा देतात, पण त्यात बेकन असतेच, आणि एक-दोन संध्याकाळी सगळे बंदरावरच्या पबमध्ये जेवतात. बाईंनी आम्हाला भांडीकुंडी स्वतःची आणायला सांगितले आणि जेवणाचे पैसे वजा केले. भाचीने खिमा गोठवून आणला, एक कढई, एक तवा, डाळ-तांदूळ. साउथॅम्प्टनमध्ये हलाल दुकाने आहेत, त्यामुळे बर्मिंगहॅमहून सगळा बाजार आणायची गरज नव्हती हे नंतर कळले. बोटीची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते. तिच्यावरची खिचडी अप्रतिम झाली. सुकट मात्र नेऊ नका. बंद खोपीत तो वास शिक्षिकेला तर सोडाच, आम्हालाही झेपला नसता.

संडासाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण कोणी सांगत नाही. हाताने पंप मारायचा, आणि नियम एकच: जे आधी खाल्ले नाही ते त्यात टाकायचे नाही. पाण्यासाठी छोटी बाटली बरोबर ठेवा. बोटीच्या टाकीतले गोडे पाणी मोजके असते, म्हणून आंघोळ संध्याकाळी मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर. वजूसाठी मी बादलीने समुद्राचे पाणी घेत होतो. समुद्राच्या पाण्याने वजू होतो हे सारंगाच्या मुलाला वेगळे शिकावे लागत नाही. कपड्यांत सुटे काही नको. दोर गुंडाळायच्या विंचमध्ये ओढणीचे टोक किंवा सैल बाही सापडली तर बोटेही जातात. मुलीने डोक्याला घट्ट बसणारा खेळाडूंचा हिजाब घातला होता, त्यावर शाळेचा जलरोधक कोट आणि लाइफ जॅकेट. सूटकेस चालत नाही, ठेवायला जागाच नसते. मऊ पिशवी न्यावी.

पहिला दिवस कौज बंदरापर्यंत. शिक्षिकेने निघण्याआधी तासभर फक्त सुरक्षेचे सांगितले: गॅस कुठे बंद करायचा, जॅकेट कसे फुगते, रेडिओवर मदत कशी मागायची. भाची हे सगळे वहीत उतरवून घेत होती. दुपारी एक अजस्र कंटेनर जहाज वळणावर आले तेव्हा शिक्षिकेने नियम सांगितला. दीडशे मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे एक हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर एवढ्या पाण्यात छोट्या बोटीने जायचेच नाही. "शिडाला आधी वाट मिळते, हे इथे विसरा," त्या म्हणाल्या. आमचे जावई त्या जहाजाकडे बघत एवढेच म्हणाले, "मला नाही वाटत कोणी विसरेल."

दुसऱ्या दिवशी माणूस पाण्यात पडल्याचा सराव. बादली बांधलेला एक फुगीर फेंडर शिक्षिकेने न सांगता पाण्यात टाकला आणि ओरडल्या. ज्याला दिसेल त्याने बोट त्याच्याकडे रोखून उभे राहायचे, नजर क्षणभरही हटवायची नाही. ते काम भाचीकडे आले. मुलगी सुकाणूवर. पहिल्या वेळी बोट फेंडरपासून वीस फूट लांबून गेली, दुसऱ्या वेळी त्याच्यावरूनच. भाचीचा हात तसाच ताठ, चेहरा पांढराफटक. तिला तिथे कोण दिसत होते ते मी विचारले नाही. तिसऱ्या वेळी मुलीने बोट वाऱ्यात अशी आणली की ती फेंडरशेजारी जवळजवळ थांबली, आणि जावयांनी आकड्याने तो उचलला. शिक्षिका म्हणाल्या, आता आईने करायचे. भाचीने सहा वेळा केले. सातवा तिने स्वतःहून मागितला.

त्या संध्याकाळी यार्मथच्या धक्क्यावर शीड उतरवताना शिक्षिका इंग्रजीत "सोडा, सावकाश" म्हणाल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघाले, "आर्या!" वडिलांचा शब्द. खाली सोडायला आर्या, वर ओढायला हाबेस. पोर्तुगीजांकडून खलाशांनी घेतलेला, मुंबई गोदीत अजून ऐकू येणारा. मुलीला तो इतका आवडला की उरलेले तीन दिवस बोटीवर इंग्रजीऐवजी हाबेस-आर्याच चालले, शिक्षिकेसह.

बुधवारी न्यूटाउनच्या खाडीत नांगर टाकला. दोन्ही बाजूंना चिखल, गवत, पक्षी. आमच्या गावची खाडी कांदळवन काढून टाकले तर अशीच दिसेल. तिथे नमाजेची एक अडचण लक्षात आली. धक्क्याला बांधलेली बोट फिरत नाही, पण नांगरावरची बोट प्रवाहाबरोबर तोंड फिरवते. इंग्लंडमधून किब्ला आग्नेयेकडे. बोटीवर होकायंत्र असतेच, पण असरला बोटीचा जो कोपरा किब्ल्याकडे होता तो मगरिबला पार उलटा झाला होता. प्रत्येक वेळी होकायंत्र बघून उभे राहायचे. ज्याचा तोल जाण्याची भीती असेल त्याने बसून पढावी. आमच्या जावयांनी तसेच केले.

गुरुवारी रात्रीचा सराव, पूर्वेकडे पोर्ट्समथपर्यंत. लाल आणि हिरवे दिवे आपापल्या ठरलेल्या तालात लुकलुकत असतात. ते मोजून, नकाशावर शोधून पुढे जायचे. मुलगी मोजत होती आणि भाची सुकाणूवर होती. लक्ष ठेवायला आलेली बाई!

पोर्ट्समथ बंदरात शिरताना शिक्षिकेने एक जागा दाखवली. म्हणाल्या, इथे पूर्वी फूद्रोयां नावाचे शिडाचे जुने लढाऊ जहाज उभे असे. तरुण मुले त्याच्यावर राहून दर्यावर्दीपणा शिकत, १९८६ पर्यंत. या जहाजाचे मूळ नाव ट्रिंकोमाली. ते मुंबईच्या गोदीत वाडिया बांधकाम करणाऱ्यांनी मलबारी सागवानात बांधले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडले. आज ते उत्तरेकडे हार्टलपूलला जतन करून ठेवले आहे. ब्रिटनच्या तरंगणाऱ्या युद्धनौकांत सर्वांत जुनी तीच. म्हणजे या पाण्यावर बोटीत राहून शिकायची शाळा होती ती आपल्या मुंबईच्या लाकडावर. शिक्षिकेला तो तपशील माहीत नव्हता. मी सांगितला तेव्हा त्यांनी तो आपल्या वहीत लिहून घेतला.

शुक्रवारी हॅम्बलला परतलो. चौघांनाही प्रमाणपत्र मिळाले, माझ्या गाठी पाहून थोडी सूट दिली असावी. मुलीच्या नोंदवहीत शिक्षिकेच्या सहीने लिहिले आहे: पाच दिवस, ८७ मैल, रात्रीचे ३ तास. डे स्किपरला बसायचे तर पाच दिवस, १०० मैल आणि ४ तास लागतात. उरलेले तेरा मैल आणि एक तास यासाठी भाचीने त्याच बाईंना पुढच्या वर्षासाठी लिहिले आहे. मुलगी तोवर सोळाची होईल. तारीख ईदनंतरची मागितली आहे, आणि जागा एक नाही, दोन.